मोर्चा कुठे अडवायचा?

रस्त्यावरून माणसांचा समूह चालत जातो, त्याला मराठीत दोन शब्द आहेत. एक मिरवणूक, दुसरा मोर्चा. 'मिरवणूक' हा शब्द 'मिरवणे'पासून आला. देव, नवरदेव, पालखी, पुतळा, जे आपल्याला मिरवायचे असते ते घेऊन आपण निघतो. 'मोर्चा' मात्र फारसीतून आला आणि तो मुळात लढाईतला शब्द. बखरींत किल्ल्याभोवती मोर्चे लागतात, मोर्चे बांधले जातात. म्हणजे मोर्चा ही मुळात चालण्याची नव्हे, तर किल्ल्यासमोर ठाण मांडून बसण्याची जागा. विसाव्या शतकात या शब्दाचा अर्थ बदलला आणि गाऱ्हाणे घेऊन सत्तेच्या दाराकडे चालत जाणाऱ्या लोकांना तो लागला.

कायद्याला हा फरक ठाऊक नाही. त्याच्या लेखी दोन्ही 'प्रोसेशन', आणि दोन्हींसाठी पोलिसांचा परवाना लागतो. मुंबई शहरापुरता या परवान्याचा इतिहास पाहू लागलो तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. नियमांचा जन्म झाला तो मिरवणुकांमुळे. दोन मिरवणुका, किंवा मिरवणूक आणि नमाज, एकमेकांवर आदळू नयेत म्हणून. पुढे तेच नियम मोर्चासाठी वापरले जाऊ लागले आणि त्यांचे काम बदलले. वाट ठरवून देणारा कागद हळूहळू वाट अडवणारा कागद झाला. हे कसे घडले आणि त्यात काय सांडून गेले, ते या लेखात मांडायचे आहे.

वाद्ये, ताबूत आणि कमिशनर

रस्ता सार्वजनिक असला तरी त्यावरून मिरवणूक नेण्याचा हक्क कोणाला आहे का, हा प्रश्न मुंबई हायकोर्टापुढे १८७७ साली आला. वाद होता मोहरमच्या ताबुतांच्या मिरवणुकीचा, आणि सातकू वलद कादीर विरुद्ध इब्राहिम आगा या खटल्यात वादी-प्रतिवादी दोघेही मुसलमान होते. कोर्टाचे म्हणणे पडले की सार्वजनिक रस्त्यावर केलेला अडथळा हा सर्वांनाच होणारा उपद्रव आहे. ज्याचे स्वतःचे काही वेगळे नुकसान झालेले नाही, त्याला त्यासाठी दिवाणी दावा लावता येणार नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की मिरवणूक अडवली गेली तर दाद मागायची ती पोलिसांकडे आणि मॅजिस्ट्रेटकडे. जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, १९२४ साली, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हे मत बाजूला सारले. मंजूर हसन विरुद्ध मुहम्मद जमान या उत्तर हिंदुस्थानातल्या खटल्यात तिने सांगितले की सार्वजनिक रस्त्यावरून धार्मिक मिरवणूक नेण्याचा हक्क आहे. मात्र अधिकाऱ्यांनी दिलेल्या कायदेशीर सूचना आणि रस्त्याने जाणाऱ्या इतरांचे हक्क यांच्या मर्यादेत. पण दरम्यानच्या काळात मुंबई इलाख्यात बरेच काही घडून गेले होते.

११ ऑगस्ट १८९३ रोजी, शुक्रवारच्या नमाजानंतर, मुंबईत जुम्मा मशिदीच्या परिसरात दंगल उसळली. तिची ठिणगी काठेवाडातल्या प्रभासपाटणला पडली होती. लष्कर बोलवावे लागले आणि पाऊणशेच्या आसपास माणसे मेली. पुढच्या वर्षी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाने जोर धरला, हिंदूंनी मोहरमच्या ताबुतांत भाग घेणे मोठ्या प्रमाणावर सोडले, आणि सप्टेंबर १८९४ मध्ये दारूवाला पुलाजवळच्या मशिदीवरून वाजतगाजत जाणाऱ्या मेळ्यावरून दंगा झाला. 'मशिदीवरून वाद्ये' हा शब्दप्रयोग यानंतर पन्नास वर्षे मराठी वृत्तपत्रांतून हटला नाही.

सरकारचे उत्तर ठरलेले होते: वेळ, वाट आणि वाद्ये. मिरवणूक कोणत्या रस्त्याने, कोणत्या क्रमाने, किती वाजता जाणार आणि कुठे वाद्ये थांबवणार, हे पोलिसांनी ठरवायचे. जिल्ह्यांसाठी १८९० चा आणि मुंबई शहरासाठी १९०२ चा पोलिस कायदा आला. शहरात हे नियम करण्याचा अधिकार पोलिस कमिशनरच्या हाती होता.

या अधिकाराचा परिणाम किती खोल होऊ शकतो, हे मोहरमच्या बाबतीत दिसले. मुंबईचा मोहरम हा त्या काळी सगळ्या शहराचा उत्सव होता. मोहल्ल्यामोहल्ल्यातून टोळ्या निघत, ढोलताशांसह रात्री फिरत, आणि शेवटच्या दिवशी ताबूत समुद्राकडे जात. त्यात चढाओढ असे, मारामाऱ्याही होत. १९११ च्या मोहरमात गडबड झाली, लष्कर बोलवून गोळीबार करावा लागला. त्या वेळचे कमिशनर एस. एम. एडवर्ड्स हे स्वतः मुंबईच्या इतिहासाचे अभ्यासक. शहराच्या पोलिसदलाचा इतिहासही पुढे त्यांनीच लिहिला. त्यांनी १९१२ साली मोहरमसाठी नवे नियम केले आणि टोळ्यांच्या फिरण्यावर कडक बंधने आणली. उत्सवावर बंदी घातली नव्हती, अटी घातल्या होत्या. पण त्या अटींवर परवाने काढण्यात लोकांना रस उरला नाही, आणि मुंबईची ताबुतांची ती जुनी, गर्दीची मिरवणूक जवळजवळ संपली.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. दंगे थांबले, हे खरेच आहे आणि ते लहान नव्हे. पण एखादी परंपरा मोडायची तर तिच्यावर बंदी घालावीच लागते असे नाही, परवान्याच्या अटी पुरतात, हेही त्यातून राज्यकर्त्यांना कळले.

गावाचा परवाना

परवाना केवळ सरकारच देते असे मात्र नाही. सरकारी कागदाच्या आधी आपल्याकडे समाजाचा परवाना लागत आला आहे. कोणाची वरात घोड्यावरून निघेल, कोणाचे प्रेत कोणत्या वाटेने जाईल, हे गाव ठरवत असे. म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे चवदार तळ्याकडे रांगेने चालत गेली, तेव्हा त्या चालण्यालाच पाणी पिण्याइतका अर्थ होता. तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने आधीच केला होता. पण कागदावर खुल्या असलेल्या वाटेने कोणी गेलेले नव्हते.

डिसेंबरात सत्याग्रह परिषद भरली तेव्हा मंडपासाठी गावात जागा मिळेना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. विरोधकांनी दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी परिषदेत येऊन तो मानण्याची विनंती केली. परिषदेने तळ्यावर जाणे पुढे ढकलले, पण महाडच्या रस्त्यांवरून मिरवणूक काढलीच. कोर्टाने तळ्याचे पाणी मना केले होते, रस्ता मना केला नव्हता. हा फरक ओळखून तो वापरणे यात वकिलाची नजर होती. तळ्याचा खटला मात्र हायकोर्टात १९३७ पर्यंत चालला.

बोरीबंदरची रात्र

मुंबईत मिरवणुकीचा मोर्चा झाला तो १९३० साली. १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांच्या निधनाला दहा वर्षे पुरी झाली. त्या दिवशी निघालेल्या काँग्रेसच्या प्रचंड मिरवणुकीत पंडित मालवीय आणि वल्लभभाई पटेल होते. पोलिसांनी ती बोरीबंदरासमोर अडवली. पुढे कोट होता, म्हणजे सरकारी कचेऱ्या, बँका, हॉर्नबी रोडवरची साहेबी दुकाने. कोटात शिरायला परवानगी नव्हती. लोक परत फिरले नाहीत आणि पुढेही रेटले नाहीत. ते रस्त्यावर खाली बसले. रात्रभर पाऊस पडत होता आणि हजारो माणसे भिजत बसून राहिली. सकाळी पुढाऱ्यांना अटक झाली आणि लाठ्या चालल्या.

ज्या जागी ही मिरवणूक अडली, तिचाही इतिहास आहे. कोटाच्या तटाबाहेर इंग्रजांनी एस्प्लनेड नावाचे मोकळे मैदान राखले होते. शत्रू चालून आला तर तो तोफांच्या माऱ्यात यावा, मध्ये घर किंवा झाड आड येऊ नये, म्हणून. १८६० च्या दशकात तट पाडला गेला, तोफा गेल्या, मैदानाचे तुकडे होऊन आजचे आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज झाले. तट गेला तरी त्याची रेषा प्रशासनाच्या मनात राहिली. या रेषेच्या आत राज्य आणि व्यापार, बाहेर रयत. पुढच्या शंभर वर्षांत मुंबईतले मोर्चे कुठे अडवले गेले ते नकाशावर मांडले, तर सगळ्या जागा या रेषेच्या आसपास, पायी अर्ध्या तासाच्या टापूत पडतात.

फ्लोरा फाउंटनपासून काळ्या घोड्यापर्यंत

राज्य आपले झाले म्हणून रेषा पुसली गेली नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात नोव्हेंबर १९५५ मध्ये विधानसभेवर मोर्चे निघाले. १८ तारखेचा मोर्चा सेनापती बापटांचा. २१ नोव्हेंबरला कामगारांचा लोंढा कौन्सिल हॉलकडे निघाला, तो फ्लोरा फाउंटनपाशी अडवला गेला आणि गोळीबारात १५ जण पडले. जानेवारी १९५६ मध्ये शहरभर झालेल्या गोळीबारांत याहून कितीतरी जास्त माणसे गेली. १०५ हुतात्म्यांचा आकडा मराठी मुलाला पाठ असतो. पुढे तो वाढवून सांगितला जाऊ लागला. १९६१ मध्ये तिथे स्मारक उभे राहिले आणि फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक झाला. आपल्या राज्याचे सर्वांत मोठे स्मारकस्थळ ही मोर्चा अडवण्याची जागा आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही.

तेव्हाचा कौन्सिल हॉल म्हणजे रीगल सिनेमाजवळची 'सेलर्स होम'ची जुनी इमारत. तिच्यापासून चार-पाच मिनिटांवर काळा घोडा. राज्यस्थापनेनंतरच्या दोन दशकांत मोर्चा काळ्या घोड्यापाशी अडवायचा असा पायंडा पडला. सातव्या एडवर्डचा तो पुतळा १९६५ साली राणीच्या बागेत नेला गेला, पण नाव राहिले. गिरणी कामगार, शेतमजूर, शिक्षक, महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरणाऱ्या बायका, हा मोर्चांच्या भराचा काळ. पायंडा असा होता की मोर्चा थांबेल, भाषणे होतील आणि मोर्चाचे शिष्टमंडळ आत जाऊन मंत्र्यांना निवेदन देईल. अनेकदा मंत्री किंवा विरोधी पक्षाचे आमदार बाहेर येत. अडवणे होते, पण ते ऐकू येण्याच्या अंतरावर होते.

१९८१ मध्ये विधिमंडळ नरिमन पॉइंटच्या नव्या विधानभवनात गेले. काळ्या घोड्याजवळची ती जुनी इमारत पुढे राज्य पोलिसांचे मुख्यालय झाली. जिथे लोक गाऱ्हाणे घेऊन जात, तिथे आता परवाना देणारे खाते बसते.

कोर्टाने काय सांगितले

स्वतंत्र भारतात परवान्याचा आधार म्हणजे १९५१ चा मुंबई पोलिस कायदा. आता त्याचे नाव महाराष्ट्र पोलिस कायदा. त्याच्या कलम ३३ ने मिरवणुकांची वाट, क्रम आणि वेळ ठरवण्याचा अधिकार जुन्या कायद्यांतून जवळजवळ तसाच उचलला. कलम ३७ च्या तिसऱ्या पोटकलमाने सुव्यवस्थेसाठी सभा आणि मिरवणुकांवर बंदी घालता येते. पण राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय ती पंधरा दिवसांपेक्षा जास्त टिकू नये, असे कायदा म्हणतो. मुंबईकर वाचकाने वर्तमानपत्रात जमावबंदीच्या आदेशाची चौकट पाहिलेली असेलच: पाच किंवा अधिक माणसांनी एकत्र येण्यास मनाई, लग्ने, अंत्ययात्रा, चित्रपटगृहे, शाळा, कारखाने वगळून. पंधरा दिवस झाले की असाच आदेश पुन्हा निघतो. अपवादासाठी ठेवलेली तरतूद अशी रोजची होऊन जाते.

घटनेच्या १९ व्या कलमाने शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. मग हे नियम टिकतात कसे? नागपूरच्या गिरणी कामगार संघटनांच्या वादातून निघालेल्या बाबूलाल पराते खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९६१ साली १४४ कलम वैध ठरवले; संकट येण्याआधी ते रोखण्याचा अधिकार सरकारला असू शकतो, असे मानले. पण १९७२ च्या हिंमतलाल शहा खटल्यात चित्र पालटले. मुंबई राज्याचा पोलिस कायदा गुजरातेतही लागू होता. अहमदाबादच्या पोलिस कमिशनरने त्याखाली नियम केला होता की रस्त्यावर जाहीर सभा घ्यायची तर आधी परवानगी हवी. विद्यार्थ्यांच्या सभेला ती नाकारली गेली आणि प्रकरण दिल्लीपर्यंत गेले. सरन्यायाधीश सिक्री यांच्या न्यायपीठाने तो नियम रद्द ठरवला.

का ठरवला, ते समजून घेण्यासारखे आहे. परवानगी मागायला लावणे चूक, असे कोर्ट म्हणाले नाही. वाहतूक आणि सुव्यवस्थेसाठी ते करता येते. चूक ही की परवानगी कोणत्या कारणाने नाकारावी, हे नियमात कुठेच नव्हते. अधिकाऱ्याच्या मर्जीवर सारे सोडले होते. सरकार म्हणजे रस्त्याचा घरमालक नव्हे. रस्त्यावरच्या सभेचे ते नियमन करू शकते, पण तिला मनमानीने ना म्हणू शकत नाही. माझ्या मते आपल्या परवान्याच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा निवाडा आहे. १८७७ मध्ये जो हक्क दाव्यालाही उभा राहत नव्हता, तो शतकाच्या आत मूलभूत हक्क म्हणून उभा राहिला.

नागपूरची चेंगराचेंगरी

परवान्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गर्दी जीव घेऊ शकते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरला हिवाळी अधिवेशनाच्या वेळी गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. आदिवासी म्हणून मान्यता ही मागणी. हजारो माणसे, त्यांत बायका आणि लहान मुले खूप, दिवसभर अडवलेल्या जागी थांबून होती. संध्याकाळी लाठीमार झाला, पळापळ झाली, आणि कठड्यांच्या कोंडीत ११४ जण चेंगरून मेले. गोळी एकही न झाडता इतकी माणसे मेली.

या घटनेचा धडा म्हणून पुढे बंदोबस्ताचे नियम कडक झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. किती माणसे येणार, निघायच्या वाटा किती, पाणी आणि रुग्णवाहिका कुठे, हे विचारणे म्हणजे दडपशाही नव्हे. पण मला त्या दिवसाचा दुसरा धडाही तितकाच मोठा वाटतो. मोर्चा दिवसभर ताटकळत ठेवला गेला. वेळेवर कोणी पुढे येऊन त्यांचे निवेदन घेतले असते, तर संध्याकाळी तिथे एवढी गर्दी उरली असती का? कायद्याच्या ३३ आणि ३७ या कलमांत मोर्चा काढणाऱ्याने काय करावे हे तपशिलाने आहे. ज्याच्याकडे मोर्चा निघाला आहे त्याने काय करावे, यावर एक ओळही नाही.

पुन्हा तीच रेषा

विधानभवन नरिमन पॉइंटला गेल्यावर मोर्चेही तिकडे वळू लागले. वाहतूक तुंबे, कचेऱ्यांत जाणाऱ्यांची कुचंबणा होई. १९९७ साली नरिमन पॉइंट-चर्चगेट परिसरातील नागरिकांच्या संघटनेने हायकोर्टात याचिका केली, आणि कोर्टाच्या आदेशाने दक्षिण मुंबईतली आंदोलने आझाद मैदानाच्या ठरावीक भागापुरती सीमित झाली. रहिवाशांची तक्रार खोटी नव्हती. ज्याला दवाखान्यात पोहोचायचे आहे त्याचाही रस्त्यावर हक्क आहे, हे प्रिव्ही कौन्सिलनेही म्हटलेच होते. पण परिणाम पाहा. काळ्या घोड्यावरून विधानसभा हाकेच्या अंतरावर होती. आझाद मैदानावरून विधानभवन पायी अर्धा तास, आणि मध्ये सगळे शहर. १९३० मध्ये जिथे मिरवणूक अडली त्या बोरीबंदरासमोरच्याच मैदानात, तोफांसाठी मोकळ्या ठेवलेल्या जागेत, मोर्चा पुन्हा येऊन बसला.

तरी लोक वाट काढतात. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून पायी निघालेले हजारो शेतकरी आणि आदिवासी सायनच्या सोमय्या मैदानावर मुक्कामाला आले. सकाळी दहावीची परीक्षा होती. मुलांची अडचण होऊ नये म्हणून ते रात्रीतूनच चालून पहाटे आझाद मैदानात पोहोचले. ही अट कोणत्याही परवान्याने त्यांच्यावर लादायची वेळ आली नाही. ती त्यांनी स्वतःच पाळली. फुटलेल्या पायांचे ते फोटो पाहून मुंबईकरांनी पाणी आणि चपला पुढे केल्या, आणि सरकारनेही शिष्टमंडळाशी बोलणी करून लेखी आश्वासने दिली.

१९९७ च्या त्या प्रकरणातून अखेर २०२५ साली राज्य सरकारचे जाहीर सभा, आंदोलने आणि मिरवणुकांबाबतचे नियम आले. ऑगस्टच्या अखेरीस मनोज जरांगे यांच्या आंदोलनाने त्यांची पहिली मोठी कसोटी घेतली. परवानगी एका दिवसाची, सकाळी ९ ते संध्याकाळी ६, पाच हजार माणसांसाठी होती. माणसे त्याहून कितीतरी जास्त आली, बोरीबंदरचा परिसर भरून गेला, हायकोर्टाला रस्ते मोकळे करण्याचे आदेश द्यावे लागले, आणि पाचव्या दिवशी सरकारने निर्णय काढल्यावर आंदोलन संपले. मागणी योग्य की अयोग्य, हा या लेखाचा विषय नाही. पण नियमातला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांत इतके अंतर पडते, तेव्हा नियम मोडणाऱ्यांना बोल लावून प्रश्न संपत नाही. पाच हजारांच्या मैदानात महाराष्ट्राची गाऱ्हाणी मावणार आहेत, असे आपण खरेच धरून चाललो आहोत का?

दीडशे वर्षांचा हा कागद वाचून माझे मत असे झाले आहे की परवाना नको, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. दारूवाला पूल आणि नागपूर, दोन्ही ठिकाणी माणसे रस्त्यावरच्या गोंधळातच सापडली. पण नियम एकतर्फी आहे. मिरवणुकीला वाट दिली की काम संपते, कारण तिला कुठे पोहोचायचे असते ते समुद्र किंवा देऊळ असते. मोर्चाला पोहोचायचे असते ते माणसापर्यंत. काळ्या घोड्याचा पायंडा कायद्यात कुठेही लिहिलेला नव्हता, तरी त्यात ही समज होती: लोक इथवर येतील आणि आतून कोणीतरी बाहेर येईल. आज आपण पायंड्याचा पहिला अर्धा भाग नियमात लिहिला आणि दुसरा अर्धा सोडून दिला. मोर्चाच्या अर्जावर वेळ, वाट आणि माणसांची संख्या लिहावी लागते. त्याच अर्जाच्या उत्तरात निवेदन कोण, किती वाजता, कुठे येऊन स्वीकारील, ही एक ओळ घालण्याची सक्ती झाली, तर मोर्चा कुठे अडवायचा या प्रश्नाची धार बरीचशी बोथट होईल.